खाडीकाठचा ॲरिस्टॉटल

तर्कशास्त्राच्या तासाला ॲरिस्टॉटल शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. सर्व मानव मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मानव आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे, ही तीन वाक्ये मी फळ्यावर किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. विद्यार्थी ती मुकाट्याने उतरवून घेत आणि परीक्षेत मुकाट्याने परत करीत. ॲरिस्टॉटल म्हणजे दाढीवाला, संगमरवरी, कंटाळवाणा म्हातारा, अशी त्यांची समजूत झाली असेल तर दोष त्यांचा नव्हे. माझीही समजूत फारशी निराळी नव्हती.

ती मोडली एका मे महिन्यात. चोर्ला घाट उतरून आम्ही वर्गाची सहल गोव्याला नेली होती आणि मुलांच्या आग्रहाखातर डॉल्फिन पाहायला होडीत बसलो होतो. होडीवाल्याने यंत्र बंद केले, आणि थोड्या वेळाने पाण्यातून एक करडी पाठ वर आली, फुस्स असा आवाज झाला, पाठ खाली गेली. तिच्या अंगाला चिकटून एक लहानगी पाठही वर आली होती. एका विद्यार्थिनीने विचारले की मासा जर पाण्यात श्वास घेतो तर हा वर कशाला येतो. हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे उत्तर मी ऐटीत दिले. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला : हे पहिल्यांदा कोणाला कळले, आणि कसे कळले? मी लिनियसचे नाव घेतले आणि विषय बदलला.

परत आल्यावर प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला हसत हसत ग्रंथालयात नेले आणि एक जाड इंग्रजी ग्रंथ माझ्या हातात ठेवला. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरील ग्रंथाचे ते डार्सी टॉम्पसन यांनी १९१० साली केलेले भाषांतर होते. ज्या माणसाला मी वर्षानुवर्षे शिकवीत होतो त्यानेच माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तेवीसशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता! त्या ओशाळलेपणातून मी त्याचे चरित्र नव्याने वाचले. ते इथे सांगतो.

ॲरिस्टॉटलचा जन्म इ. स. पूर्व ३८४ मध्ये स्टॅगिरा या गावी झाला. हे गाव ग्रीसच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी, मॅसिडोनियाच्या सीमेलगत. त्याचे वडील निकोमाकस हे मॅसिडोनियाचा राजा अमिंटास याचे वैद्य होते. वैद्यकी त्या घराण्यात पिढीजात चालत आलेली. अशा घराण्यांतील मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबरच प्राण्याचे शरीर उघडून पाहण्याचे शिक्षण लहानपणी मिळत असे, असे गॅलेन या पुढील काळातील थोर वैद्याने नोंदवले आहे. निकोमाकसने मुलाला किती शिकवले असेल कोण जाणे, कारण आईबापांचे छत्र लवकरच हरपले आणि प्रॉक्झेनस नावाच्या पालकाने त्याला वाढवले. पण सुरीची भीती आणि आतड्यांची किळस या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी शिरल्याच नाहीत, एवढे त्याच्या ग्रंथांवरून निश्चित दिसते.

सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत दाखल झाला आणि तेथे वीस वर्षे राहिला. या वीस वर्षांविषयी पाठ्यपुस्तकात पुष्कळ असते, म्हणून मी ती भरभर ओलांडतो. एवढेच ध्यानात घ्यावे की अकादमीची नजर वर होती, गणिताकडे, ताऱ्यांकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या शाश्वत रूपांकडे. बदलणाऱ्या, जन्मणाऱ्या आणि कुजणाऱ्या वस्तूंविषयी खरे ज्ञान होऊच शकत नाही असा तेथील कल होता. वैद्याच्या मुलाने हे सारे आत्मसात केले. ते त्याला पुरते पटले मात्र नाही.

इ. स. पूर्व ३४७ मध्ये प्लेटो वारला. अकादमीची सूत्रे प्लेटोचा भाचा स्प्यूसिपस याच्याकडे गेली. वीस वर्षांच्या सर्वांत बुद्धिमान शिष्याला डावलले गेले, असे आपल्याला वाटते. विद्यापीठांचा अनुभव असलेल्या कोणालाही ते वाटेल. पण दुसरेही एक कारण होते. मॅसिडोनियाचा राजा फिलिप एकामागून एक ग्रीक शहरे घेत चालला होता आणि अथेन्समध्ये मॅसिडोनियाशी संबंध असलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहू लागले होते. ॲरिस्टॉटल अथेन्सचा नागरिक नव्हताच. तेथे बाहेरून येऊन राहणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग असे. त्यांनी कर भरावा, पण घर किंवा जमीन विकत घेऊ नये, मतदान करू नये. आयुष्यातली तीसाहून अधिक वर्षे ज्या शहराला त्याने दिली त्या शहरात तो अखेरपर्यंत परकाच राहिला. सीमेवरच्या गावात जन्मलेल्या माणसाला दोन्हीकडचे लोक तू नेमका कोणाचा असे विचारतात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

तो अथेन्स सोडून समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील ॲसॉस येथे गेला. त्या भागाचा सत्ताधीश हर्मियास हा एक विलक्षण पुरुष. तो पूर्वी गुलाम होता असे सांगतात. पण राज्य हाती आल्यावर त्याने अकादमीतल्या माणसांना बोलावून आश्रय दिला आणि त्यांच्याशी मैत्री केली. ॲरिस्टॉटलचा तर तो जिवलग मित्र झाला. हर्मियासची पुतणी की मानलेली मुलगी याविषयी जुने लेखक एकमत नाहीत, पण त्याच्या कुटुंबातील पिथियास या मुलीशी ॲरिस्टॉटलचे लग्न झाले. पुढे राज्यशास्त्रावरील ग्रंथात त्याने पुरुषाने सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलीने अठराव्या वर्षाच्या सुमारास लग्न करावे असे लिहिले आहे. त्याचे स्वतःचे लग्न झाले तेव्हा तो चाळिशीच्या अलीकडेपलीकडेच होता. तत्त्वज्ञांचे सिद्धान्त कोठून येतात याचा हा एक मासला!

ॲसॉसच्या समोर, पाण्यापलीकडे, लेस्बॉस बेट दिसते. त्याचा तरुण मित्र आणि शिष्य थिओफ्रॅस्टस त्याच बेटावरील एरेसॉस गावचा. इ. स. पूर्व ३४५ च्या सुमारास ॲरिस्टॉटल बायकोसह लेस्बॉसवर मिटिलीनी येथे राहायला गेला. तेथे तो जेमतेम दोन वर्षे होता. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ही दोन वर्षे एका ओळीत संपतात. मला मात्र ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत भरलेली वर्षे वाटतात.

लेस्बॉसच्या मध्यभागी समुद्र एका अरुंद तोंडातून आत शिरला आहे आणि आत गेल्यावर पसरून त्याचे मोठे शांत तळे झाले आहे. आज त्याला कालोनीचे आखात म्हणतात. तेथील सार्डिन मासे अजून प्रसिद्ध आहेत. ॲरिस्टॉटलच्या काळी काठावर पिऱ्हा नावाचे गाव होते, म्हणून ती पिऱ्हाची खाडी. त्याच्या प्राणिग्रंथात हे नाव पुन्हा पुन्हा येते. थंडी पडली की या खाडीतले एक लहानसे जातभाई सोडले तर बाकीचे सारे मासे बाहेर समुद्रात जातात. येथे तारामासे इतके माजतात की कोळ्यांना त्रास होतो. येथील कालवे उचलून किऑस बेटावरच्या लोकांनी आपल्याकडे नेऊन टाकली तेव्हा ती आकाराने पुष्कळ वाढली, पण संख्येने वाढली नाहीत. या नोंदी दरबारात बसून होत नाहीत. अलेक्झांडरने हजारो कोळी, पारधी आणि गुराखी आपल्या गुरूच्या दिमतीला दिले आणि त्यांनी आणलेल्या माहितीतून हा ग्रंथ झाला, अशी एक ऐटदार कथा रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. पण टॉम्पसन यांनी ग्रंथातली गावांची नावे मोजून दाखवले की सागरी जीवांची माहिती या बेटाभोवतीच गोळा झालेली आहे. म्हणजे अलेक्झांडर शिष्य होण्यापूर्वीच हा माणूस कोळ्यांच्या मागे मागे हिंडू लागला होता.

हे त्या काळी किती विपरीत होते याची कल्पना करावी. ग्रीक सुशिक्षित माणूस हाताने काम करणाऱ्याला तुच्छ मानी, आणि ॲरिस्टॉटलही याला अपवाद नव्हता. गुलामगिरीचे त्याने केलेले समर्थन वाचताना आजही लाज वाटते. पण मासा कसा अंडी घालतो हे कळून घ्यायचे असले की तो जाळे ओढणाऱ्यालाच विचारी. स्पंज काढणाऱ्या बुड्यांना विचारी, मधमाश्या पाळणाऱ्यांना विचारी. ते जे सांगत ते सगळे खरे मानी असेही नाही. मासोळी नराचे रेत गिळून गाभण राहते, ही कोळ्यांची समजूत त्याने साफ खोडून काढली आणि वर एक मार्मिक शेरा मारला, की ही माणसे पाहतात खरी, पण जाणून घेण्यासाठी कोणी पाहत नाही. मला वाटते त्याच्या या ग्रंथाचे सार त्या शेऱ्यात आहे.

आता डॉल्फिनकडे येतो. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याने असा सोडवला आहे. डॉल्फिनला कल्ले नाहीत. त्याला फुप्फुस आहे, श्वासनलिका आहे आणि पाठीवर श्वासाचे छिद्र आहे. तो झोपतो तेव्हा ते छिद्र पाण्याबाहेर ठेवून झोपतो, आणि त्याचे घोरणे ऐकलेली माणसे आहेत. जाळ्यात सापडून पाण्याखाली राहिला तर गुदमरून मरतो. उलट पाण्याबाहेर काढला तर बराच वेळ जगतो आणि कण्हतो. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिलाला जन्म देते. बहुधा एक, क्वचित दोन. तिला दूध असते. तिच्या स्तनांना बाहेर बोंडे नसून दोन्ही बाजूंना एकेक चीर असते, त्यातून दूध येते आणि पिले तिच्या मागे पोहत ते पितात. ती दहा महिने गाभण असते आणि विते ती नेहमी उन्हाळ्यात. व्याधाचा तारा उगवण्याच्या सुमारास डॉल्फिन महिनाभर दिसेनासे होतात, असेही तो नोंदवतो.

यातली एकेक गोष्ट आज तपासता येते. भूमध्य समुद्रात डॉल्फिनची पिले मुख्यतः उन्हाळ्यातच होतात. गर्भकाळ जातीनुसार दहा ते बारा महिन्यांचा असतो. दुधाच्या चिरा खऱ्या आहेत, आणि त्या पाहण्यासाठी मादी उलटी करून बोटाने चाचपावी लागते. कोणीतरी ती चाचपली होती.

डॉल्फिनचे वय किती, हा प्रश्नही त्याला पडला. त्याचे उत्तर त्याला कोळ्यांकडून मिळाले. काही कोळी पकडलेल्या डॉल्फिनच्या शेपटीला खाच पाडून त्याला सोडून देत आणि पुढे तोच प्राणी पुन्हा हाती लागला की वर्षे मोजीत. त्यावरून काही पंचवीस, काही तीस वर्षे जगतात असे त्याने लिहिले. आज शास्त्रज्ञ डॉल्फिनच्या पाठीवरच्या परावर नैसर्गिकपणे पडलेल्या खाचांची छायाचित्रे घेऊन हेच करतात. यंत्र बदलले, युक्ती तीच. त्यांच्या नोंदींत काही माद्या पन्नाशीही ओलांडतात.

डॉल्फिनला बाहेरून कान दिसत नाही, तरी त्याला ऐकू येते असे त्याने ठरवले. कशावरून? शिकारीवरून. कोळी अनेक होड्यांनी डॉल्फिनच्या कळपाला घेरत, पाण्यात जोराचा आवाज करत आणि त्या गलक्याने भांबावलेले प्राणी किनाऱ्यावर येऊन अडकले की त्यांना पकडत. हा उतारा वाचताना मला आमच्या सहलीतलाच पुढचा प्रसंग आठवला. आमच्या होडीवाल्याने यंत्र बंद ठेवले होते, पण पाच मिनिटांत आणखी सहा-सात होड्या यंत्रे गरगरवत त्या मायलेकरांभोवती जमल्या, प्रत्येकीतून टाळ्या आणि शिट्ट्या. दोन्ही पाठी खाली गेल्या त्या पुन्हा आम्हाला दिसल्या नाहीत. आमची मुलेही शिट्ट्या मारीत होती आणि मी त्यांना थांबवले नव्हते.

या ग्रंथात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचताना लेखकाचा कोरडा स्वरही किंचित हलल्यासारखा वाटतो. केरिया प्रांताच्या किनाऱ्यावर एक जखमी डॉल्फिन पकडला गेला, तेव्हा डॉल्फिनचा मोठा कळप बंदरात शिरला आणि कोळ्याने त्याला सोडून देईपर्यंत तेथून हलला नाही. मग सारे मिळून निघून गेले. दुसरी गोष्ट मेलेल्या पिलाची. एक लहान मेलेले डॉल्फिन बुडू लागले की दोन मोठे त्याच्याखाली पोहत जाऊन त्याला पाठीवर उचलून धरताना दिसले, जणू दया येऊन ते त्याला दुसऱ्या हिंस्र जलचरांच्या तोंडी पडू देत नव्हते. पुष्कळ वर्षे हे भाबडे ऐकीव किस्से मानले गेले. २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि कॅनडा यांच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका ओर्का मादीने, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातल्या मोठ्या प्राण्याने, आपले मेलेले पिलू सतरा दिवस डोक्यावर तोलून वाहिले. ते साऱ्या जगाने पाहिले.

देवमाशाविषयी त्याने थोडेच लिहिले आहे, पण त्यात एक रत्न आहे. एका जातीच्या देवमाशाला दात नसतात, त्याऐवजी तोंडात डुकराच्या राठ केसांसारखे केस असतात, असे तो म्हणतो. ही झालर असलेल्या देवमाशांना शास्त्रात आज जे नाव आहे ते त्याच्याच त्या वाक्यातील शब्दांवरून आलेले आहे. समुद्री कासवाबद्दल तो सांगतो की मादी जमिनीवर येऊन शंभरापर्यंत अंडी घालते आणि ती पुरून ठेवते. आपल्या गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे जी कासवे येतात त्यांच्या घरट्यातही शंभराच्या आसपास अंडी निघतात. कासव भर दुपारी पाण्यावर तरंगत राहिले की त्याची पाठ उन्हाने सुकते आणि मग त्याला बुडी मारता येत नाही, हे निरीक्षणही होडीतून पाहणाऱ्याचेच आहे.

चुका? पुष्कळ. कासवीण रात्री येऊन अंडी उबवते, असे त्याने लिहिले. ती एकदा पुरून गेली की पुन्हा ढुंकूनही पाहत नाही. डॉल्फिनचे तोंड खालच्या बाजूला असते आणि त्याला भक्ष्य धरण्यासाठी उताणे व्हावे लागते, असे त्याने लिहिले. येथे शार्कशी गल्लत झाली. डॉल्फिन छिद्रातून समुद्राचे पाणी बाहेर टाकतो असे त्याला वाटे. बायकांना पुरुषांपेक्षा कमी दात असतात हे त्याचे विधान तर कुप्रसिद्धच आहे. पिथियासने तोंड उघडले असते तर पुरे होते! ज्याने मादी डॉल्फिनच्या दुधाच्या चिरा शोधल्या त्याला घरातले दात मोजावेसे वाटले नाहीत, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

तरीही त्याने मुख्य गोष्ट बरोबर पकडली. पाण्यात राहतो, पराने पोहतो, आकार माशाचा, म्हणून मासा, असे त्याने म्हटले नाही. डॉल्फिन आणि देवमासे यांचा त्याने माशांपासून वेगळा गट केला. तो करताना तो अडखळलेला दिसतो. अन्न पाण्यात, श्वास हवेत, मग याला जलचर म्हणावे की भूचर? दोन्ही बाजूंचा थोडा थोडा अंश यात आहे, असे तो लिहितो आणि ती अडचण तशीच वाचकापुढे ठेवतो.

पुढच्यांना एवढेही जमले नाही. ग्रंथ नाहीसा झाला नाही. तो अरबीत गेला, तेराव्या शतकात मायकेल स्कॉटने तो अरबीतून लॅटिनमध्ये आणला. पण लोक समुद्राकडे न पाहता ग्रंथाकडे पाहू लागले, आणि ग्रंथातलेही सोयीचे तेवढे. फ्रेंच विद्वान पिएर बेलाँ याने १५५१ मध्ये डॉल्फिनची आणि त्याच्या गर्भाची चित्रे छापली आणि तरीही त्याला माशांच्या पुस्तकात बसवले. अखेर १७५८ मध्ये लिनियसने देवमासे व डॉल्फिन सस्तन प्राण्यांत घातले. त्यानंतरही १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला उभा राहिला. माशाच्या तेलाची सरकारी तपासणी करून शुल्क भरण्याचा कायदा होता; एका व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलावर ते भरायला नकार दिला, कारण देवमासा हा मासाच नव्हे. सॅम्युअल मिचिल या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. पंचांनी निकाल दिला की देवमासा हा मासा आहे! आपण हसू नये. आपली मराठीही पंचांच्याच बाजूची आहे, नाही तर तिने देवमासा हा शब्द केला नसता. कन्नड विभागातील मित्र तिमिंगिल म्हणतात. तिमी नावाच्या प्रचंड माशाला गिळणारा तो तिमिंगिल. निदान त्यांच्या शब्दाने त्याला सरळ मासा म्हणून टाकलेले नाही.

लेस्बॉसवरचे दिवस इ. स. पूर्व ३४३ मध्ये संपले. फिलिप राजाचे बोलावणे आले आणि तेरा वर्षांच्या अलेक्झांडरला शिकवण्यासाठी ॲरिस्टॉटल मॅसिडोनियात गेला. तेथे असतानाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा घाव बसला. इराणच्या बादशहाचा सेनापती मेंटॉर याने हर्मियासला भेटीचे आमिष दाखवून दगा दिला आणि पकडले. बादशहाने त्याचे हाल करून त्याला ठार मारले. ॲरिस्टॉटलने डेल्फी येथे मित्राचा पुतळा उभारला आणि त्याच्या स्मरणार्थ सद्गुणावर एक स्तोत्र रचले. हे स्तोत्र पुढे त्याच्या जिवावर उठणार होते.

इ. स. पूर्व ३३५ मध्ये तो अथेन्सला परतला आणि त्याने लायसियम या उपवनात स्वतःची शाळा काढली. परका असल्याने जागा विकत घेता येत नव्हती. येथली बारा वर्षे ही त्याच्या कीर्तीची वर्षे. ग्रंथांचा संग्रह, नकाशे, राज्यघटनांचे संकलन, सकाळी फिरता फिरता शिष्यांशी चर्चा. प्राण्यांच्या शवविच्छेदनाच्या आकृत्यांचा एक वेगळा ग्रंथ त्याने केला होता आणि मूळ ग्रंथात तो वारंवार त्या आकृत्या पाहायला सांगतो. तो चित्रग्रंथ हरवला. लायसियममधल्या मुलांनी ज्या आकृत्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारले असतील त्या आपल्याला कधीच दिसणार नाहीत. याच काळात पिथियास वारली. तिची मुलगी, तिचेही नाव पिथियासच, लहान होती. पुढे हर्पिलिस नावाच्या स्त्रीबरोबर त्याचा संसार झाला. त्यांचा मुलगा निकोमाकस.

अलेक्झांडर तोवर आशियात शिरला होता. त्याच्याबरोबर ॲरिस्टॉटलचा आप्त कॅलिस्थेनिस इतिहासकार म्हणून गेला होता. बादशहापुढे इराणी रिवाजाप्रमाणे लोटांगण घालायला त्याने विरोध केला, इ. स. पूर्व ३२७ मध्ये कटाच्या आरोपाखाली त्याला पकडण्यात आले आणि त्यातच त्याचा अंत झाला. गुरुशिष्यांचे नाते त्यानंतर काय उरले असेल ते उरले असो. अथेन्सच्या लोकांना असल्या बारकाव्यांशी कर्तव्य नव्हते. इ. स. पूर्व ३२३ मध्ये बॅबिलोनहून अलेक्झांडरच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा मॅसिडोनियाविरुद्धचा सारा राग बाहेर पडला आणि हाताशी सापडणारा मॅसिडोनियाचा माणूस म्हणजे ॲरिस्टॉटल. त्याच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला गेला. पुरावा म्हणून काढले ते हर्मियासवरचे स्तोत्र : मर्त्य माणसाला देवाचा मान दिला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. वीस वर्षांपूर्वी मेलेल्या मित्रासाठी लिहिलेल्या ओळी! याच नगराने शहात्तर वर्षांपूर्वी सॉक्रेटिसला विष दिले होते. अथेन्सला तत्त्वज्ञानाविरुद्ध दुसऱ्यांदा पाप करू द्यायचे नाही, असे म्हणून तो निघून गेला अशी परंपरागत कथा आहे. शाळा त्याने थिओफ्रॅस्टसच्या हाती दिली.

तो गेला युबिया बेटावरील काल्किसला. तेथे त्याच्या आईकडची मालमत्ता होती. पुन्हा समुद्राकाठ. काल्किससमोरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत पाण्याचा प्रवाह दिवसातून अनेकदा उलट दिशेने फिरतो. त्याचे कारण कळेना म्हणून त्याने त्यात उडी घेतली, अशी दंतकथा पुढे लोकांनी रचली. ती रचणाऱ्यांनी त्याचा प्राणिग्रंथ वाचला नसावा. न सुटलेले प्रश्न त्याने आयुष्यभर शांतपणे लिहून ठेवले होते. पोटाच्या विकाराने, इ. स. पूर्व ३२२ मध्ये, बासष्टाव्या वर्षी तो वारला.

त्याचे मृत्युपत्र शिल्लक आहे. त्यात तत्त्वज्ञानाचा एक शब्द नाही. मुलगी वयात आली की तिचे लग्न कोणाशी करावे, मुलाकडे कोणी पाहावे, हे आहे. सेवेतल्या मुलांना विकू नये, योग्य वयाचे झाल्यावर त्यांना मुक्त करावे, असे आहे. गुलामगिरीच्या समर्थकाने स्वतःच्या घरात शेवटी हे केले. हर्पिलिस त्याच्याशी चांगली वागली म्हणून तिला हवे असल्यास काल्किसचे घर द्यावे, नाही तर स्टॅगिऱ्याचे वडिलार्जित घर द्यावे, आणि ते नीट सामानाने सजवून द्यावे, असे आहे. आणि एक कलम असे आहे की त्याला जेथे पुरतील तेथे पिथियासची हाडे आणून शेजारी ठेवावीत, कारण तिने तशी इच्छा सांगितली होती.